रोजच्यापुरती कृपा

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, उभे राहणारे भाऊबहीण देवाच्या कृपेविषयी बोलतात तेव्हा बहुधा आयुष्यातले दोनच प्रसंग सांगतात. एक म्हणजे ज्या दिवशी त्यांनी प्रभूचा स्वीकार केला तो दिवस, आणि दुसरा म्हणजे शस्त्रक्रिया, नोकरी जाणे किंवा मुलाचे दुखणे यांसारखे एखादे मोठे संकट, ज्यातून प्रभूने त्यांना सोडवले. या साक्षी खऱ्या असतात आणि त्या ऐकताना माझे मन भरून येते. परंतु या दोन प्रसंगांच्या मध्ये जी कितीतरी वर्षे जातात, ज्यांत सांगण्यासारखे काही घडत नाही, ऐरोलीहून ठाण्याला आणि ठाण्याहून ऐरोलीला जाणेयेणे चालू असते, डबे भरले जातात, घराचे हप्ते फिटत राहतात आणि घरातल्या आजारी माणसाची औषधे वेळेवर द्यावी लागतात, त्या वर्षांत कृपेचे काम काय, याविषयी आपण फारसे बोलत नाही. ख्रिस्ती जीवनाचा बहुतेक भाग या साध्या दिवसांचाच असतो, म्हणून मला त्याविषयी लिहावेसे वाटते.

पवित्र शास्त्रातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी आणि नववी वचने आपल्यापैकी बहुतेकांनी शब्बाथशाळेतच पाठ केलेली असतात. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते आपल्या हातून झालेले नाही, ते देवाचे दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेले नाही. हे आपण मनापासून मानतो. तरीही तारणाचा विषय संपून सोमवारचा विषय सुरू झाला की आपल्या मनात एक उधारीची वही उघडली जाते. सकाळची कुटुंबप्रार्थना झाली, एक अध्याय वाचून झाला, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, वेळेवर दिला, की जमेच्या बाजूला नोंद होते, आणि घाईत प्रार्थना राहून गेली की दिवसभर खर्चाची बाजू डोळ्यांपुढे नाचत राहते. ‘आज प्रार्थना न करताच निघाले, म्हणूनच गाडी गेली, म्हणूनच साहेब रागावले,’ असे आमच्या महिला संघात कितीदा तरी ऐकू येते, आणि बोलणारी ते अगदी श्रद्धेने बोलत असते. माझे स्पष्ट मत आहे की ही श्रद्धा नसून भीती आहे. ज्या पित्याने आपला पुत्र दिला तो एक प्रार्थना चुकली म्हणून ठाणे स्थानकावरची गाडी चुकवून आपला हिशेब चुकता करील, अशी कल्पना करणे हा त्या पित्यावर अन्याय आहे. या वहीचा दुसरा दोष त्याहून मोठा आहे. दिवस चांगला गेला की तिच्यातून आढ्यता निर्माण होते, आणि पौलाला तर तीच मुळापासून काढायची होती.

गलतीकरांस लिहिताना पौल याच ठिकाणी कडक होतो. आत्म्याने आरंभ केल्यावर आता तुम्ही देहस्वभावाने पूर्णत्व मिळवणार काय, असा त्याचा सवाल आहे. ज्यांच्यासाठी हा प्रश्न लिहिला गेला ते लोक अविश्वासी नव्हते. ते आपल्यासारखेच मंडळीतले, उत्साही आणि नेमनिष्ठ लोक होते. आरंभ देवाने केला, आता पुढचे आपण पाहू, असे म्हणणे त्यांना नम्रपणाचे वाटत असावे.

मला या बाबतीत सर्वांत अधिक शिकवणारा भाग निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात आहे. मिसरमधून निघून जेमतेम एक महिना झालेला असताना लोक अरण्यात भुकेने कुरकुर करू लागतात आणि परमेश्वर त्यांना आकाशातून अन्न देतो, तोच मान्ना. मान्न्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातली मापे आणि अटी आपण घाईने ओलांडून जातो. प्रत्येक माणसामागे एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरांचे माप. ज्याने फार गोळा केले त्याचे मापून पाहता जास्त भरले नाही आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. ऊन तापले की जमिनीवर उरलेला मान्ना वितळून जाई, म्हणून तो सकाळीच गोळा करावा लागे. सकाळपर्यंत काही ठेवू नका, असे मोशेने बजावले असतानाही काहींनी ठेवला, तर त्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा होता, आणि तो शब्बाथाच्या दिवशी नासला नाही. अशा रीतीने 40 वर्षे चालले. कनानातले पीक त्यांनी खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवशी मान्ना बंद झाला, असे यहोशवाच्या पुस्तकात नोंदवले आहे.

यात देवाने आपल्या लोकांना उपाशी ठेवले नाही आणि साठा करून निश्चिंतही होऊ दिले नाही. रात्री झोपताना प्रत्येक तंबूतले मडके रिकामे असे, आणि त्या रिकाम्या मडक्याशेजारी झोप लागणे हाच त्यांचा विश्वास होता. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे म्हणतो तेव्हा आपणही तेच मागत असतो. वर्षभराची भाकर मागायला त्याने शिकवले नाही. मला वाटते, धीर, क्षमा करण्याचे बळ, जिभेवरचा ताबा, आनंद, या सगळ्यांच्या बाबतीतही देवाची रीत हीच आहे. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेमेचा पाडाव झाल्यानंतरच्या राखेत बसून, तो कवी म्हणतो की परमेश्वराच्या करुणेला खळ पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते. कालची करुणा आजपर्यंत पुरवली, असे तो म्हणत नाही.

माझ्या घरातले उदाहरण देते, कारण मला हे पुस्तकातून कळले त्यापेक्षा तिथे अधिक कळले. माझ्या सासूबाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. त्यांना काही वर्षांपासून स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. दिवसा मी महापे येथे नोकरीला असते तेव्हा त्यांच्यापाशी एक मावशी असतात. संध्याकाळ आणि रात्र आमची. दिवेलागणीला आई गावाला जायला निघतात. पिशवीत एक टॉवेल, चष्म्याची रिकामी डबी आणि देवघरासारखे जपलेले जुने भजनाचे पुस्तक भरतात, पदर नीट करतात आणि विचारतात, ‘गाडी किती वाजताची?’ त्यांना सांगावे लागते की आजची गाडी गेली, उद्या जाऊ. पाच मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो. रात्री कधीकधी अंथरूण ओले होते, मग त्यांना कुशीवर वळवून मेणकापड आणि चादर बदलायची, त्या घाबरून हात घट्ट धरून ठेवतात तो हळूहळू सोडवायचा, ‘मी कोण आहे ते आई तुम्हांला माहीत नसले तरी चालेल, मी इथेच आहे,’ असे म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा. हे सारे मायेने करायचे असते, नुसते उरकायचे नसते. उरकले तर ते त्यांना लगेच कळते. ज्यांना स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही त्यांना स्पर्शातला राग मात्र अचूक समजतो.

ही माया माझ्या स्वभावात साठवलेली नाही. दिवसभराच्या कामानंतर आणि गर्दीतल्या प्रवासानंतर त्या वेळी माझ्यापाशी जे काही उरलेले असते, ते या कामाला पुरणारे नसते. म्हणून मला इब्री लोकांस पत्रातले एक वचन फार जवळचे झाले आहे. त्यात म्हटले आहे की आपल्यावर दया व्हावी आणि ऐनवेळी साहाय्यासाठी कृपा मिळावी म्हणून आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जाऊ. ऐनवेळी म्हणजे चादर हातात असताना, आठवडाभर आधी नव्हे. मी त्या वेळी मोठी प्रार्थना करत नाही, करताही येत नाही. ‘प्रभू, दे’ एवढेच म्हणते, आणि पुढच्या चादरीपुरते मिळते. पुष्कळ मिळाले, असे सहसा वाटत नाही. पण पुरते.

हे असे किती वर्षे चालेल आणि आजार वाढल्यावर कसे होईल, असे नातेवाईक काळजीने विचारतात. तो विचार व्यवहारात करावाच लागतो. पैशांची तरतूद, डॉक्टरांचा सल्ला, सुट्ट्यांची आखणी हे सगळे आम्ही करतो, आणि त्यात अविश्वास आहे असे मला वाटत नाही. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची आज्ञाही देवानेच दिली होती. पण तीन वर्षांनंतरच्या एखाद्या रात्रीचे दुःख आजच मनात उभे करून त्याला पुरेल असा धीर आज आपल्यापाशी आहे का, हे तपासून पाहणे निरर्थक आहे. तो धीर आज नसणारच, कारण ती रात्र आज नाही.

आपल्या ठाण्याच्या इतिहासातही याची आठवण करून देणारी एक गोष्ट आहे. एप्रिल 1321 मध्ये तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन (एका ख्रिस्ती संन्यासी संघातले) सोबती या गावी आपल्या विश्वासाकरिता मारले गेले. अशा हुतात्म्यांविषयी वाचताना ‘आपल्याला हे कधीच जमले नसते’ असे मनात येते, आणि ते बरोबरच आहे. त्यांनाही ते त्यांच्या दिवसापर्यंत जमले नसते. त्यांच्या दिवसाला लागणारी कृपा त्यांना त्या दिवशी मिळाली. आपल्याला आज लागते ती वेगळी आहे, लहान आहे, पण देणारा एकच आहे आणि त्याला लहान काम कमी प्रतीचे वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. सगळेच कृपेने मिळत असेल तर माणूस आळशी होणार नाही का? रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने हा प्रश्न स्वतःच उपस्थित करून ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले आहे. तीताला लिहिताना तो म्हणतो की कृपा आपल्याला शिकवते, अभक्ती नाकारायला आणि मर्यादेने, नीतीने व सुभक्तीने वागायला शिकवते. म्हणजे कृपा आपल्याला कामाला लावते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायातले त्याचे वाक्य तर मला फार मोलाचे वाटते. त्यात तो म्हणतो की मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे, मी इतर सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, आणि तरी ते मी केले असे नाही, माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले. श्रम आणि कृपा यांना तो एकमेकांच्या विरुद्ध उभे करतच नाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला याचा पुरावा दूर शोधायला नको. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या, परत आल्या, 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले. विद्वत्ता, धैर्य, त्याग, सेवा यांपैकी कशाचीच त्यांच्यापाशी वाण नव्हती. तरीही त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणाने लिहिले आहे की बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. तारण हे कोणत्याही योग्यतेवाचून, केवळ विश्वासाने, आजच स्वीकारायचे दान आहे, ही गोष्ट त्यांना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी उमगली. आता कृपा कळल्यावर त्यांनी हात जोडून स्वस्थ बसायला हवे होते, नाही का? पण आपल्याला दिसते ते वेगळेच. 1896 नंतरच्या दुष्काळांत त्या स्वतः फिरून शेकडो निराधार मुलींना आणि स्त्रियांना घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, तिथे शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छपाई अशी कामे सुरू झाली. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि त्यानंतरही, 5 एप्रिल 1922 रोजी स्वतःचा देह ठेवीपर्यंत, ते काम त्यांनी सोडले नाही. मला या आयुष्याकडे पाहून वाटते की कृपा उमगल्यावर त्यांचे कष्ट वाढले असतील, पण देवापाशी स्वतःची योग्यता सिद्ध करण्याचे ओझे उतरले, आणि ते ओझे उतरल्यामुळेच इतके कष्ट त्यांना पेलले.

कृपा रोज मिळते तर ती कुठून घ्यायची, याचे उत्तर मंडळीने पूर्वीपासून साधेच दिले आहे. प्रार्थना, वचनाचे वाचन, प्रभुभोजन, एकमेकांची संगती. यात नवीन काही नाही आणि नसावे. मला फक्त एवढेच सांगायचे आहे की ही घेण्याची ठिकाणे आहेत, भरणा करण्याची नव्हेत. सकाळचा अध्याय हा देवाला दिलेला हप्ता आहे असे समजून वाचला की तो चुकल्यावर तोंड लपवावेसे वाटते. भुकेला माणूस ताटाकडे जातो तसा वाचला तर, सकाळी राहिला तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत वाचता येतो, किंवा ठाण्याच्या नवव्या-दहाव्या फलाटावर वाशीच्या गाडीची वाट पाहताना एखादे स्तोत्र मनात म्हणता येते. दिवस सकाळीच बिघडला तरी तो बिघडलेलाच राहिला पाहिजे, असा देवाचा नियम नाही.

आणखी एका गोष्टीवरून कृपा आपल्यात काम करते आहे की नाही हे ओळखता येते, ती म्हणजे इतरांच्या नावाने आपण ठेवलेली नोंद. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला आकड्यांनिशी वाचला तर अंगावर येतो. त्यात एका चाकराचे राजाला देणे 10,000 तालांतांचे होते. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा त्याचे ऋण 6 कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. ते राजाने सोडले. त्याच्या सोबत्याने त्याला द्यायचे होते 100 दीनार, म्हणजे साधारण चार महिन्यांची कमाई, आणि त्यासाठी या चाकराने त्याचा गळा धरला. ही रक्कमही लहान नाही. प्रभूने ती दोन-चार दीनार अशी सांगितली नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. आपल्यावर झालेला अन्याय खरोखरच 100 दीनारांचा असू शकतो. कार्यालयात आपल्या कामाचे श्रेय दुसऱ्याने घेतले, भावकीत वाटणीच्या वेळी डावलले गेले, आजारी आईची विचारपूस करायला सख्ख्या माणसांनी वर्षभर फोन केला नाही, हे घाव खोटे नसतात आणि ते विसरा असे सांगणारा माणूस बरेचदा त्यांतून गेलेला नसतो. पण सहा कोटी सोडून मिळालेल्या माणसाला शंभराची वसुली करताना गळा धरवत नाही. धरवत असेल तर आपले स्वतःचे केवढे सुटले ते त्याला अजून समजलेले नाही.

पौलाच्या देहातल्या काट्याविषयी, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या एका त्रासाविषयी, मी मुद्दाम थोडेच लिहिते, कारण त्यावर पुष्कळ प्रवचने झाली आहेत. तो काटा काढावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असे उत्तर आले. काटा राहिला. आमच्या आईंचा आजारही राहिला आहे. त्या बऱ्या व्हाव्यात म्हणून आम्ही प्रार्थना करतो आणि करत राहू, परंतु त्या बऱ्या झाल्या तरच कृपा झाली, असे मी आता मानत नाही. जेवणाचे ताट समोर आले की त्या आजही हात जोडतात आणि आपल्याला कोणी वाढले हे माहीत नसताना आभार मानतात.

कृपा घेणे सर्वांत अवघड जाते ते ती माणसांच्या हातून येते तेव्हा. देवापुढे हात पसरायला आपल्याला संकोच वाटत नाही, शेजाऱ्यापुढे वाटतो. आमच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी मूळच्या मालवणच्या, त्यांची पूजाअर्चा वेगळी, आमची उपासना वेगळी. त्यांनी स्वतःहून विचारले की रविवारी सकाळी तुम्ही दोघे आळीपाळीने चर्चला जाता, त्यापेक्षा मी येऊन आजींपाशी बसत जाऊ का. नको म्हणण्याची शंभर कारणे मनात तयार होती, आणि ती सगळी वहीतलीच होती, की याची परतफेड कशी करायची. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांच्या दानाला देवाची कृपा म्हणतो आणि पुढे त्याच अध्यायात मान्न्याचेच वचन उद्धृत करतो, ज्याने फार गोळा केले त्याचे जास्त झाले नाही आणि ज्याने थोडे केले त्याला कमी पडले नाही. ते वाचल्यानंतर आम्ही हो म्हटले. आता रविवारी वहिनी आईंना मऊ भात भरवतात, आई त्यांना आपली भजने म्हणून दाखवतात, आणि आम्ही दोघे ठाण्याच्या उपासनेला एकत्र जाऊन प्रभुभोजन घेतो. तुम्हांला काय देऊ, असे मी सुरुवातीला वहिनींना विचारत असे. ‘काही नको हो,’ असे त्या म्हणत. आता मी विचारत नाही.